गाडी ऑइल पितेय: इंजिन उघडायच्या आधी काय काय तपासायचं

सर्व्हिस करून दोन-अडीच महिने होतायत तोवर डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेला टेकलेलं, टॉप-अप करा, महिन्याभराने परत तेच. पार्किंगमध्ये डाग नाही, पिकअप ठीक, मायलेज ठीक, आणि गॅरेजमध्ये विचारलं की बोनेट उघडायच्या आधीच उत्तर तयार असतं, "साहब, इंजन का काम निकला है, हाफ इंजन करना पडेगा." (म्हणजे इंजिन उघडून पिस्टन, रिंगा बदलायचं काम.) मुंबईत हा प्रॉब्लेम खूप कॉमन आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की यातली कित्येक इंजिनं उगाच उघडली जातात, आणि जी खरंच उघडायला हवीत ती मात्र टॉप-अपवर ढकलत ढकलत बेअरिंग जाईपर्यंत पळवली जातात. दोन्हीकडे गोची एकच, तेल नक्की किती जातंय आणि कुठल्या वाटेने जातंय हे कोणी शोधायला बसत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय, स्वस्त तपासणी आधी, महागडी शेवटी.

पहिलं म्हणजे थोडं तेल प्रत्येक इंजिन जाळतं, शोरूममधून आज निघालेलं सुद्धा. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर राहावाच लागतो नाहीतर पिस्टन घासेल, आणि त्या थरातलं थोडं थोडं पेट्रोलबरोबर जळत राहतं. कंपन्यांनी मॅन्युअलमध्ये चालेल म्हणून दिलेला आकडा तर बराच मोठा असतो, फोक्सवॅगनच्या मॅन्युअलमध्ये १००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंत, टोयोटाच्या काही मॅन्युअलमध्ये १००० किमीला एक लिटरपर्यंत. मी स्वतः इतकं सैल धरत नाही. १००० किमीला १०० मिलीच्या आत असेल तर लक्ष ठेवायचं आणि गाडी चालवायची, २००-३०० मिलीला पोचलं की शोध सुरू करायचा, अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघायची नाही.

पण हा आकडा काढायचा तर मोजणी नीट पाहिजे आणि इथेच बहुतेक लोक चुकतात कारण मुंबईत सपाट पार्किंग मिळणं हीच अडचण आहे. पोडियमचा रॅम्प, स्टॅक पार्किंगचा पाट, गटाराकडे उतार दिलेला कंपाउंड, अशा जागी डिपस्टिक काहीही सांगते. तुमच्या जवळच्या पेट्रोल पंपावर हवा भरायची जागा बहुतेक वेळा सपाट असते, तीच एक जागा ठरवून टाका. इंजिन गरम असू दे, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वर चढलेलं तेल चेंबरमध्ये, इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, उतरेल. मग डिपस्टिक काढा, सुती फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, बाहेर काढून आडवी धरा आणि दोन्ही बाजू बघा. एका बाजूला तेल वरपर्यंत चढलेलं दिसेल, ते नळीच्या आतल्या भिंतीचं लागलेलं असतं, जी बाजू कमी दाखवते आणि जिथे तेलाची रेघ सरळ आडवी तुटते ती खरी पातळी. खालच्या आणि वरच्या खुणेमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं, छोट्या इंजिनात थोडं कमी. वरच्या खुणेपर्यंत भरा, ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा, दर आठवड्याला त्याच जागी बघा. टॉप-अपला नेहमी एक लिटरचा डबा घ्या, बऱ्याच डब्यांच्या कडेला उभी पारदर्शक पट्टी असते आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात, किती ओतलं ते लगेच लिहून ठेवता येतं.

आणि वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. सर्व्हिसमध्ये "थोडा ज्यादा डाल दिया" म्हणून प्रेमाने अर्धा लिटर जास्त ओततात, मग क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) त्या तेलात आपटत राहतो, फेस होतो, तो फेस ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर काढणारा पाइप) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या मार्गात, ओढला जातो आणि जळतो. सर्व्हिसनंतर पहिले काही दिवस तेल झपाट्याने खाली येतं आणि मग दोन खुणांच्या मधे स्थिर होतं, असं होत असेल तर इंजिनाला काही झालेलं नाही, भरणाऱ्याचा हात सैल आहे.

आता एक गोष्ट जी खास आपल्या शहरात लोकांना फसवते. घर ते स्टेशन, स्टेशन ते शाळा, असं पाच-पाच किमीचं रनिंग असलं की इंजिन पूर्ण तापतच नाही, थोडं पेट्रोल आणि ज्वलनातून झालेलं पाणी तेलात उतरत राहतं. म्हणजे तेल जळतंय पण त्याची जागा पेट्रोल घेतंय, डिपस्टिकवर पातळी हलतच नाही. मग गणपतीला गाडी कोकणात निघते, कित्येक तास सलग गरम चालते, ते पेट्रोल आणि पाणी उडून जातं, आणि रत्नागिरीला पोचून बघावं तर तेल अर्ध्यावर. माणूस घाबरतो की एका ट्रिपमध्ये एवढं तेल गेलं, पण ते गेल्या तीन महिन्यांचं आहे. त्यामुळे आकडा काढताना मधे एक लांब रनिंग झालेलं असू द्या, आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का ते नाकाजवळ नेऊन बघा.

डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) डिझेलमध्ये तर याच्या उलटं होतं. ०१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस६ नियम आला आणि नवीन डिझेल गाड्यांना फिल्टर लागले, त्या फिल्टरमधली काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, ट्रॅफिकमध्ये ती प्रक्रिया अर्धवट तुटली की डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून घसरून तेलात जातं आणि पातळी चक्क वाढते. डिझेलमध्ये तेल वाढलेलं दिसलं तर खुश होऊ नका, ते तेल पातळ झालंय, बदलून टाका आणि आठवड्यातून एकदा एक्सप्रेसवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी पळवा.

मग गळती. "खाली डाग नाही" हा पुरावा धरू नका, कारण चेंबर गार्ड लावलेलं असेल तर तेल त्याच्यावरच साचतं, आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून झिरपलेलं तेल गरम सायलेन्सरवर पडून तिथेच वाफ होतं, खाली थेंबही येत नाही. सिग्नलला थांबल्यावर एसीच्या व्हेंटमधून जळका वास येतोय का, हा चांगला इशारा आहे. पावसाळ्यात तर खालचा सगळा मळ धुऊन जातो त्यामुळे गळती शोधायची तर कोरड्या दिवसात, गार्ड काढून, इंजिन धुऊन, दोन-तीन दिवस चालवून मग रॅम्पवर बघायचं. टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टरचा रबर, ड्रेन बोल्टचं वॉशर, क्रँकचं पुढचं आणि मागचं ऑइल सील, ऑइल प्रेशर स्विच. खड्ड्यात किंवा सोसायटीच्या उंच स्पीडब्रेकरवर चेंबर घासलेलं असेल तर तिथे बारीक तडा पण सापडतो. कूलंटच्या बाटलीत तेलकट थर किंवा ऑइल कॅपच्या आतून दुधी चिकटा दिसला तर विषय वेगळा, हेड गास्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) किंवा ऑइल कूलर. पण नुसता कॅपवर थोडा पांढरा चिकटा, डिपस्टिक साफ, आणि रनिंग छोटं असेल तर ती न तापलेल्या इंजिनात साचलेली वाफ आहे, एक लांब चक्कर मारली की जाते. अंधेरी सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल आणि डिपस्टिकवरच तेल दुधी असेल तर मात्र सेल्फ मारू नका, टो करा.

गळती नाही म्हणजे तेल जळतंय. आता कुठून, आणि याचं निम्मं उत्तर धूर कधी येतो यात आहे. निळसर धूर, उग्र तेलकट वास, तो तेलाचा. काळा धूर इंधनाचा, पांढरा आणि गोडसर वासाचा कूलंटचा. मागच्या गाडीतून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा कारण आरशात नीट दिसत नाही.

सकाळी पहिल्या सेल्फला भपकन निळा धूर आणि मग अर्ध्या मिनिटात बंद, तर वॉल्व्ह सील. रात्रभर वरचं तेल वॉल्व्हच्या दांडीवरून थेंब थेंब खाली उतरून बसलेलं असतं. हेच लक्षण सिग्नलला पण दिसतं, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर चार-पाच मिनिटं आयडलला उभी राहिली आणि सिग्नल सुटल्यावर दाबली की मागे एक निळा ढग. कारण पेट्रोल इंजिनात आयडलला आणि अॅक्सिलरेटर सोडलेला असताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो, तो सीलमधून तेल ओढतो. खात्री करायला खंडाळ्याचा घाट उत्तम. वरून खोपोलीकडे गिअरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवरून काढून उतरा, उतार संपल्यावर दाबा. तेव्हा ढग आला तर सील किंवा वॉल्व्ह गाइड, म्हणजे ज्यात वॉल्व्हची दांडी सरकते ती नळी. उतरताना काही नाही पण चढताना, लोडवर, सतत निळी रेघ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. टर्बो गाडीत आयडलला पण न थांबता धूर, जोडीला शिट्टीचा आवाज, तर टर्बोकडे बघायचं. आणि धूर अजिबात दिसत नाही पण तेल जातंय, हेही खूप होतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या मार्गातला धूर साफ करणारा भाग) बराच धूर पचवतो, त्यामुळे "धूर नाही म्हणजे जळत नाही" असं म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका.

यापुढचं काम स्पॅनर हातात घेऊन, पण इंजिन न उघडता.

सुरुवात नेहमी पीसीव्ही वॉल्व्हपासून करा. काहीशे रुपयांचा पार्ट, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडायचं त्याचं काम, उघडा अडकला तर वाफेबरोबर तेलाचा फवारा ओढला जातो, बंद अडकला तर आत प्रेशर वाढून तेल सीलमधून, रिंगांवरून, जिथे जागा मिळेल तिथून बाहेर पडतं. इंजिन आयडलला ठेवून तेल भरायचं झाकण सैल करा आणि त्या तोंडावर एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. पिशवी हलकी आत ओढली गेली तर बरोबर आहे. झाकण निघताना जोर लागला, सूं असा आवाज आला, तर आतला पडदा फाटलाय. पिशवी फुगून वर उडत असेल तर एकतर ब्रीदर तुंबलाय किंवा ज्याला गॅरेजवाले बॅक कंप्रेशन म्हणतात ते, म्हणजे रिंगांवरून जळका वायू खाली येतोय. इथे घाई करायची नाही, आधी ब्रीदरचा पाइप काढून साफ करा आणि परत बघा, कारण तुंबलेला ब्रीदर आणि गेलेल्या रिंगा झाकण उघडल्यावर सारख्याच दिसतात आणि हाफ इंजिनचे कित्येक निर्णय याच झाकणावर घेतले जातात.

मग प्लग काढा, चारही, आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते क्रमाने ठेवा. एकच प्लग ओला किंवा राखेचा थर बसलेला असेल तर दोष त्या एका सिलिंडरमध्ये आहे. चारही सारखेच तेलकट असतील तर परत पीसीव्ही, किंवा सगळ्याच रिंगा. फक्त एक बघा, तेल प्लगच्या बाहेरच्या बाजूला, चिनी मातीवर आणि विहिरीत साचलंय की आतल्या टोकाला. बाहेरचं तेल टॅपेट कव्हरच्या ट्यूब सीलचं असतं, जळण्याशी त्याचा संबंध नाही.

प्लग निघालेच आहेत तर कंप्रेशन टेस्ट करून घ्या. पेट्रोल गाडीत साधारण १५० ते २०० पीएसआय येतं, पण आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, १०-१५ टक्क्यांच्या वर नको. जो कमी आहे त्यात दोन चमचे इंजिन ऑइल ओतून परत मारा, कंप्रेशन वाढलं तर रिंगा, तेवढंच राहिलं तर वॉल्व्ह.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. कंप्रेशन पूर्ण चांगलं आलं म्हणजे रिंगा चांगल्या, असं अजिबात नाही. पिस्टनवर तीन रिंगा असतात, कंप्रेशन वरच्या दोन धरतात, तेल ओढून खाली पाठवायचं काम मुख्यतः तिसरीचं, ऑइल रिंगचं. ती फरशीवरचं पाणी वायपरने ओढावं तशी भिंतीवरचं तेल ओढते आणि मागच्या बारीक भोकांतून चेंबरमध्ये सोडते. ती भोकं कार्बनने बुजली की रिंग खाचेत चिकटून बसते, तिची स्प्रिंग मरते, आणि तेल भिंतीवर तसंच राहतं. वरच्या दोन ठणठणीत, कंप्रेशन १८०, आणि गाडी तेल पितेय. असा पिस्टन हातात घेऊन बघितलाय, वरचं डोकं काळं पण सुटसुटीत, पहिल्या दोन रिंगा बोटाने फिरतात, आणि तिसऱ्या खाचेत डांबरासारखा तपकिरी थर, रिंग नखाने खरवडून पण हलत नाही, मागची भोकं कुठे आहेत ते शोधावं लागतं. आणि सिलिंडरच्या भिंतीवर फॅक्टरीच्या होनिंगच्या (दगडाने बारीक घासायच्या) तिरक्या रेघा स्पष्ट, म्हणजे बोअरला, सिलिंडरच्या आतल्या पोकळीला, काही झालेलंच नव्हतं. गॅरेजने त्या गाडीला बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचं एस्टिमेट दिलं होतं.

हा दोष डिझाइनमधून पण येतो. टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनात, २००७ च्या आसपासच्या कॅमरीत वगैरे, हाच प्रकार झाला आणि अमेरिकेत कंपनीने वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. त्यात टेस्ट कशी होती बघा, तेल भरून सील करायचं, १२०० मैल म्हणजे साधारण १९०० किमी चालवायचं, एका क्वार्टपेक्षा, म्हणजे ९५० मिलीपेक्षा जास्त गेलं तर काम मंजूर. कंपनी सुद्धा आधी मोजते, मग उघडते.

आपल्याकडे चांगल्या डिझाइनच्या इंजिनात पण ऑइल रिंग चिकटते त्याचं कारण किलोमीटरचा हिशोब. सर्व्हिस १०,००० किमीला. सरासरी ६० च्या स्पीडने तेवढे किमी म्हणजे इंजिन चाललं साधारण १६७ तास. सरासरी २० च्या स्पीडने, जी मुंबईत रोजच्या ऑफिस ट्रॅफिकमध्ये काही विशेष नाही, तेच किमी म्हणजे ५०० तास. तेल तासांवर म्हातारं होतं, उष्णतेने होतं, ओडोमीटर त्याला कळत नाही. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर दहिसर ते वांद्रे रांगत जाणारी गाडी, एसी चालू, बोनेटखाली वारा नाही, रिंगांजवळ तेल शिजतंय आणि तिथेच त्याचा कार्बन होतोय. म्हणूनच बहुतेक मॅन्युअलमध्ये मागे कुठेतरी अवघड वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, छोट्या फेऱ्या, जास्त आयडलिंग, धूळ, आणि तिथे तेलाची मुदत बरीच कमी असते. मुंबईची गाडी त्याच कॉलममध्ये येते. मी तरी शहरात चालणाऱ्या पेट्रोल गाडीला ५,००० किमी किंवा सहा महिने, जे आधी येईल ते, हेच सांगतो.

सीएनजीवाल्यांनी हे जास्त मनावर घ्या. सीएनजीवर काजळी कमी होते म्हणून तेल मधाच्या रंगाचं राहतं, आणि "तेल एकदम साफ आहे, चालेल अजून" असं म्हणत लोक पुढे ढकलतात. रंगावर जाऊ नका, ज्वलन गरम असतं, तेल आतून सडतच असतं.

उपाय. पीसीव्ही आणि ब्रीदर बदलले, तरी जातंय, आणि लक्षणं वॉल्व्ह सीलची आहेत, तर हेड उतरवायची गरज बऱ्याच इंजिनांत पडत नाही. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून वॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि वरूनच स्प्रिंग दाबून सील बदलतात. जो मेकॅनिक हे करू शकतो त्याच्याकडे जा, आणि सील ओरिजिनलच टाका, लोकल रबर आपल्या ट्रॅफिकच्या गरमीत लवकर कडक होतं. जुनं सील हातात मागून घ्या, दाबून बघा, प्लॅस्टिकसारखं कडक झालं असेल तर निदान बरोबर होतं. ते मऊ निघालं तर दांडी हलवून गाइड सैल आहे का ते तिथल्या तिथे बघायला सांगा.

ऑइल रिंगचा संशय असेल तर आधी स्वस्त उपाय दोन. एक, चांगलं फुल सिंथेटिक टाकून दोन-तीन वेळा लवकर, ३,००० किमीच्या आसपास बदलायचं, तेलातले डिटर्जंट हळूहळू खाच मोकळी करतात, वेळ लागतो पण धोका नाही. दोन, पिस्टन सोक, म्हणजे प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं केमिकल सोडून रात्रभर ठेवायचं, मधे मधे क्रँक हाताने थोडा फिरवायचा. हे घरी एकट्याने करू नका. सकाळी प्लग बसवायच्या आधी, भोकांवर फडकी टाकून, इंधन आणि कॉइल बंद ठेवून सेल्फ मारून सगळं द्रव बाहेर काढावं लागतं, नाहीतर पिस्टनवर साचलेल्या द्रवाने कनेक्टिंग रॉड वाकतो. केमिकल चेंबरमध्ये पण उतरतं त्यामुळे तेल आणि फिल्टर इंजिन सुरू करायच्या आधीच बदलायचा. सर्व्हिस सेंटरमध्ये जे फेस सोडून डिकार्बनायझिंग करतात ते इनटेक आणि वरचा भाग साफ करतं, तिसऱ्या खाचेपर्यंत पोचतं असं समजू नका. आणि खूप मळलेल्या जुन्या इंजिनात दहा मिनिटांचं फ्लश टाळा, सुटलेला चिखल ऑइल पंपाच्या जाळीवर बसला तर तेल असून प्रेशर मिळणार नाही.

"मोटा तेल डाल दो" याबद्दल. तेलाच्या ग्रेडमध्ये आकडे मोठे तितकं तेल घट्ट. कंपनी ०डब्ल्यू-२० सांगत असेल आणि मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ला पण परवानगी असेल तर जुन्या इंजिनाला एक पायरी वर जाणं ठीक आहे, मुंबईत तशीही कधी अशी थंडी पडत नाही की पातळ तेलाची गरज लागावी. पण एकदम २०डब्ल्यू-५० टाकलं की व्हीव्हीटीचे (वॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचे) बारीक मार्ग आणि हायड्रॉलिक टॅपेट यांना त्रास होतो, धूर कमी दिसतो आणि झीज चालू राहते. ग्रेडइतकंच महत्त्वाचं म्हणजे तेल उडून किती जातं, त्याला नोअॅक टेस्ट म्हणतात, २५० अंशावर एक तास ठेवून किती टक्के घटलं ते. आयएलसॅक (इंजिन ऑइलचं एक आंतरराष्ट्रीय मानक) दर्जाच्या तेलाला मर्यादा १५ टक्के आहे, चांगली सिंथेटिक १० च्या आसपास किंवा खाली असतात, कंपनीच्या डेटा शीटवर छापलेलं असतं. तेल पंपावरून किंवा अधिकृत डीलरकडूनच घ्या, सील बघून, आणि रिकामा डबा भोक पाडून भंगारात द्या म्हणजे त्यात परत कोणी बनावट भरणार नाही.

टर्बो डिझेलवाल्यांना थोडक्यात. इंटरकूलरच्या पाइपला तेलाचा ओलसर थर असणं नॉर्मल आहे, थारोळं असणं नाही. पण टर्बो बदलायच्या आधी ब्रीदर, एअर फिल्टर आणि टर्बोचा तेल परतीचा पाइप तपासा, परतीचा पाइप तुंबला की नवीन टर्बो पण तेल फेकतो. आणि इंजिन स्वतःहून रेस व्हायला लागलं, चावी बंद करून थांबत नसेल, तर ते स्वतःचंच तेल जाळून चालतंय. मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका, क्लच सोडून बंद पाडा. जमलं नाही तर लांब व्हा.

डॅशबोर्डवरचा लाल तेलकॅन प्रेशरचा असतो, पातळीचा नाही. तो लागेपर्यंत तेल धोक्याच्या कितीतरी खाली गेलेलं असतं. चालताना लागला तर पुढच्या पंपापर्यंत सुद्धा नेऊ नका, कडेला घ्या आणि बंद करा. जी गाडी तेल पितेय तिच्या डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा कायम ठेवा.

एवढं सगळं करून पण अर्धा लिटरच्या वर जात असेल, आणि बारीक कॅमेऱ्याच्या दुर्बिणीने प्लगच्या भोकातून बघितल्यावर पिस्टनच्या कडा तेलाने धुतल्यासारख्या चकचकीत दिसत असतील, किंवा भिंतीवर उभे ओरखडे असतील, तर मग उघडा, आणि नीट उघडा. किती दिवस जळू द्यायचं यालाही मर्यादा आहे, तेलातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मारतो आणि तो पार्ट रिंगांपेक्षा महाग पडतो, वर पीयूसीला हायड्रोकार्बनचा आकडा वाढलेला येतो. लेथवाल्याकडे ब्लॉक पाठवायच्या आधी बोअर गेजने माप घ्यायला सांगा, वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांना, आणि तो कागद स्वतः बघा. माप कंपनीच्या मर्यादेत असेल तर हलकं होनिंग आणि स्टँडर्ड रिंगा पुरतात. काही अॅल्युमिनियम ब्लॉकना आतून खास कोटिंग असतं, ते साध्या होनिंगच्या दगडाने खराब होतं, त्यामुळे आपला ब्लॉक कुठला ते आधी विचारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं इंजिन आणून बसवायचा पर्याय पण लोक देतात, पण त्याचा इतिहास कोणालाच माहीत नसतो, त्यातल्या रिंगा कशा आहेत हे परत पहिल्यापासून तपासावं लागतं, मी तरी आपलंच इंजिन करून घेईन. जुनेच पिस्टन वापरत असाल तर ऑइल रिंगच्या मागची भोकं हाताने साफ करून उजेडाकडे धरून दाखवायला सांगा. रिंगेवरची खूण वर, रिंगांची तोंडं (जिथे रिंग कापलेली असते ती फट) एका रेघेत नकोत. आणि हेड निघालंच आहे तर वॉल्व्ह सील त्याच वेळी बदला, मजुरी दुसऱ्यांदा भरायला लागत नाही.

काम झाल्यावर पहिले काही दिवस धूर येईल, सायलेन्सरमध्ये जुनं तेल साचलेलं असतं ते जळून जाईपर्यंत घाबरू नका. नवीन रिंगा भिंतीला बसायला लोड लागतो, आणि आयडलिंग त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान करतं, भिंतीवर चकाकी चढते आणि रिंग कायमची बसत नाही. त्यामुळे गॅरेजमधून गाडी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये आणू नका, रविवारी सकाळी लवकर घ्या, फ्रीवे किंवा ठाण्याच्या पुढे नाशिक रोडला न्या, एकाच स्पीडला न धरता तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या अॅक्सिलरेटरने वेग घ्या, पाय काढून गिअरमध्येच कमी होऊ द्या, असं परत परत. पहिले १००० किमी फुल दाबू नका. ते झाले की तेल आणि फिल्टर बदला, वरच्या खुणेपर्यंत भरा, ओडोमीटरचा फोटो काढा आणि मोजणी तिथून सुरू करा, त्याआधीचा आकडा धरायचा नाही.